ऊदबिलाव, ऊदमांजर की कबरबिज्जू? नागपुरात जनावराला नेमकं म्हणायचं तरी काय

धंतोलीकर (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीत सगळ्यात वरच्या मजल्यावर, फॉल्स सीलिंगच्या आत, रात्री कोणीतरी पळतं. मांजरापेक्षा जड आणि उंदरापेक्षा बेशिस्त. वॉचमन बालाघाटकडचा. त्यानं टॉर्च मारून पाहिलं आणि जाहीर केलं, "कबरबिज्जू है." 'कबर' ऐकल्यावर ग्रुपवरच्या अर्ध्या आयांनी पोरांना गच्चीवर पाठवणं बंद केलं. मग एका हिंदीभाषक शेजाऱ्यानं लिहिलं, "ऊदबिलाव होगा." त्याच्याच खाली तळमजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, "ऊदमांजर असेल." चला, एकमत झालं म्हणून सगळे निवांत. तेवढ्यात एकानं ऊदबिलाव नेटवर शोधून फोटो टाकला. फोटोत एक ओलंचिंब, मिशाळ जनावर मासा खाऊन राहिलं होतं. तिथून चर्चा पाण्याच्या टाकीच्या झाकणावर गेली, ती अजून तिथंच आहे.

तर खुलासा असा. बिलाव म्हणजे बोका, त्यामुळे ऊदबिलाव आणि ऊदमांजर हे दोन शब्द सख्खे भाऊ वाटतात. पण हिंदीतला ऊदबिलाव म्हणजे आपलं पाणमांजर. ते नदी-तलावात राहतं, मासे खातं. मराठीतलं ऊदमांजर झाडावर नाहीतर माळ्यावर राहतं, पपई-चिकू खातं आणि रात्री आपल्या डोक्यावर धावतं. सीलिंगमधला पाहुणा हाच. ओळखायची खूण म्हणजे घरात कुणी शिजवलेला नसताना सुवासिक तांदळाच्या भातासारखा वास येतो. बंगालीत याला गंधगोकुळ म्हणतात ते उगाच नाही. मल्याळीत मरपट्टी म्हणतात, म्हणजे झाडावरचा कुत्रा. आपण मांजर म्हणायचं, त्यांनी कुत्रा, आणि ते बिचारं दोन्हीपैकी काहीच नाही.

नागपुरात हा घोळ जास्त होतो, कारण हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची आणि नंतरच्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. घरात मराठी, बर्डीच्या बाजारात हिंदी, एका बाजूला छत्तीसगडी, दुसऱ्या बाजूला तेलुगू, आणि जंगलात शिरलं की गोंडी. जनावर एकच, पण प्रत्येक नाक्यावर त्याचं नाव बदलतं. तुमच्याकडचे घोळ टाका. मला यादी करायची नाही, नुसतं ऐकायचं आहे.

बर्डीवाला

सांबर राहिलं की भाऊ. जंगलातलं सांबर वेगळं, इडलीसोबतचं सांबार वेगळं, आणि आपल्या विदर्भातलं सांबार म्हणजे कोथिंबीर. लग्नात पुण्याच्या पाव्हण्यांना विचारलं, "सांबारवडी घेता का?" ते म्हणाले, "आम्ही शाकाहारी आहोत."

मावशीबाई

@बर्डीवाला, हे नक्की घडलं होतं की तुम्ही आत्ता घडवून राहिले?

बर्डीवाला

मावशी, नागपुरात असं विचारत नसतात.

कोथरूडचा काका

वाचतोय. एक शंका. आमचं मूळ गाव जुन्नरकडचं. तिथं ऊसातून निघतो तो बिबट्या, पण म्हातारी माणसं त्याला सरळ 'वाघ' म्हणतात. "काल वाघानं शेळी नेली." पेपरवाले बिबट्या लिहितात, गाव वाघ म्हणतं. तुम्हा लोकांना मात्र वाघाला कुणी बिबट म्हटलं किंवा बिबटला वाघ म्हटलं की राग येतो. एवढा आग्रह कशासाठी?

झाडीपट्टी

काका, आग्रह नाही, गरज आहे. तुमच्या गावात पट्टेदार वाघ नाही. मोठं मांजर एकच, मग शब्दही एकच पुरतो. आमच्याकडे चंद्रपूर, भंडारा, गडचिरोलीत एकाच नाल्यावर दोघंही पाणी पितात. मोहफुलं वेचायला पहाटे निघालेल्या बाईला कोणी नुसतं "जनावर आहे" म्हटलं तर ती विचारते, "वाघ का बिबट?" वाघ असेल तर त्या बाजूला जायचंच नाही. बिबट असेल तर झाडावरसुद्धा नजर ठेवायची, आणि संध्याकाळी गोठ्याचं दार लावायचं, कारण तो घराजवळ येतो, कुत्री उचलतो. दोघांपासून जपायची रीत वेगळी, म्हणून नावं वेगळी.

मेळघाटात कोरकू लोक वाघाला 'कुला' म्हणतात. तिथला एखादा म्हातारा 'कुला' म्हणाला की त्याला कोणता प्राणी दिसला ते विचारावं लागत नाही.

खरा गोंधळ शहरात आहे. २०२१ साली नागपुरात आयटी पार्क-गायत्रीनगर भागात बिबट फिरत होता तेव्हाचे मेसेज आठवून पाहा. कोणी 'तेंदुआ' लिहीत होतं, कोणी 'चित्ता', कोणी 'वाघ'. जनावर एक, आणि आमच्या ग्रुपवर तिघं येऊन गेले.

शब्दकीडा

चित्ता हा तर स्वतंत्र विषय आहे. भारतातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष झाल्याचं जाहीर झालं. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षं 'चित्ता' हा शब्द बेवारस होता, म्हणून लोकांनी तो बिबट्याला चिकटवला. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात आले आणि शब्दाचा मूळ मालक परत हजर झाला. आता फोटो पाहून ठरवायचं असेल तर बिबट्याच्या अंगावर फुलासारखी कडी असतात, मधे पोकळ. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ.

दुसरा घोळ 'शेर'चा. पेंचचं जंगल महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्हीकडे आहे. आपल्या बाजूचा गाईड म्हणतो, "वाघ बसला आहे." पलीकडचा म्हणतो, "शेर बैठा है." पुण्या-मुंबईचा पाहुणा पलीकडे गेला की सिंह शोधतो. फारसीत शेर म्हणजे सिंहच, पण हिंदुस्थानात येता येता तो शब्द वाघालाही लागू झाला. शेरशाह सूरीला ते नाव वाघ मारल्यावरून मिळालं असं सांगतात, सिंहावरून नाही.

आणि कोल्हा! मराठी कोल्हा म्हणजे हिंदीतला सियार, गीदड. हिंदीतली लोमडी म्हणजे मराठीत खोकड. खोकड लहान, शेपटी झुपकेदार आणि टोकाला काळी. माळरानावर बिळं करून राहतं. आता इसापची द्राक्षं घ्या. मुळात तिथं लोमडी होती. हिंदीत लोमडीच राहिली, "अंगूर खट्टे हैं" म्हणणारी. मराठीत आणताना खोकडाऐवजी कोल्हा आला, आणि कायमचा "कोल्ह्याला द्राक्षं आंबट". म्हणजे नागपुरात एकाच बाकावरच्या दोन पोरांच्या, एक हिंदी माध्यमातून आलेला आणि एक मराठी, डोक्यात एकाच गोष्टीत दोन वेगळी जनावरं आहेत. पंचतंत्रातले करटक-दमनक मात्र खरोखरच कोल्हे. तिथं मराठी बरोबर बसते.

अवांतर: इंग्रजीतला 'मंगूस' हा आपल्या मुंगुसावरून गेला. 'बँडिकूट' तेलुगूतल्या पंदिकोक्कूवरून, म्हणजे डुक्कर-उंदीर, आपली घूस. पुढे इंग्रजांनी तेच नाव ऑस्ट्रेलियातल्या पोटाला पिशवी असलेल्या एका प्राण्याला दिलं, ज्याचा घुशीशी काही संबंध नाही. तेव्हा घोळ घालायचा मक्ता काही एकट्या नागपूरकडे नाही.

मुंबईची पोर

लकडबग्घा म्हणजे तरसच ना? माझी नागपूरची मामेबहीण 'तडस' म्हणते.

झाडीपट्टी

हो, तरस. विदर्भात तडसही म्हणतात. 'लकडबग्घा' ऐकून लोक बिनाकामाचे घाबरतात, कारण शेवटी 'बग्घा' आहे. अंगावर पट्टे, मागची बाजू उतरती, आयाळ उभी. मेलेलं खाणारं जनावर. ते गावाकडे आलं म्हणजे बहुतेक गावाच्या कडेला मेलेली गुरं टाकलेली असतात, त्यासाठी. आता 'कबरबिज्जू'बद्दल. हिंदीत हे नाव ऊदमांजराला लावतात आणि चांदी अस्वलालाही (इंग्रजीत हनी बॅजर). मराठीत तसंच 'मसण्याऊद'. दोन्ही भाषांनी या गरीब जनावरांना मसणात का नेलं कोण जाणे. रात्री फिरतो, उकरतो, काळा दिसतो, एवढं लोकांना पुरलं असावं.

गुरंढोरं (काटोल)

राम राम. म्या शेतकरी माणूस, तुमच्यासारखं पुस्तकी नाही येत. आमच्याकडं रोही. पेपरात नीलगाय. हिंदीवाले रोझ म्हणतेत. तुरीच्या शेतात रात्रभर तीस-तीसचा कळप बसून राहते, सकाळी पाहावं तर हरभरा सपाट.

पहिल्यांदा पाहणाऱ्याले वाटते दोन जनावरं हायेत. कारण नर निळसर-करडा अन् मादी पिवळट-भुरी. गाय तर हायच नाही ते. दिसते हरणासारखं, पण हरणासारखी फाटे फुटलेली शिंगं नाही, ती दरवर्षी गळतही नाही. पण नावात 'गाय' हाय म्हणून काही लोक हात जोडतेत. आम्ही 'रोही' म्हणतो तेव्हा कोणी जोडत नाही. पीक नुकसानीचा अर्ज भरताना मात्र मी दोन्ही नावं लिहितो. रोही लिहिलं तर मुंबईचा साहेब विचारते हे काय, अन् नुसतं नीलगाय लिहिलं तर आमचा म्हातारा विचारते गाईची तक्रार काऊन केली.

शब्दकीडा

@गुरंढोरं, तुमच्या रोहीचं शास्त्रीय नाव बोसेलाफस ट्रॅगोकॅमेलस. जनावराला नाव दिलं पॅलास नावाच्या शास्त्रज्ञानं, १७६६ मध्ये. पूर्ण नावाचे तुकडे पाडले तर पहिल्या शब्दात गाय आणि हरीण, दुसऱ्यात बोकड आणि उंट. एका जनावरात चार जनावरं कोंबली. त्यामुळे "लॅटिन नाव वापरा म्हणजे भांडण मिटेल" असं जे लोक म्हणतात, त्यांना मी रोही दाखवतो.

गुरंढोरं (काटोल)

उंट?? आता आमच्या म्हाताऱ्याले सांगतो.

सर्पमित्र हिंगणा रोड

इथं सगळी मजा चालू आहे, चालू द्या. पण एक जागा अशी आहे जिथं नावाचा घोळ महाग पडतो, त्याबद्दल थोडं लांबण लावतो.

पावसाळ्यात मला येणाऱ्या फोनमध्ये एक ठरलेलं वाक्य असतं: "भाऊ, अजगराचं पिल्लू निघालं आहे." पोरं मोबाईल काढून अगदी जवळ उभी असतात, एखादा काठीनं उचलूनही पाहतो. मी गेलो की बऱ्याचदा ती परड निघते. विदर्भाबाहेरच्यांसाठी: परड म्हणजे घोणस. देशातल्या सगळ्यात जास्त चावणाऱ्या विषारी सापांपैकी एक. जाड, आखूड, पाठीवर साखळीच्या कड्यांसारखे लंबगोल ठिपके तीन रांगांत, आणि छेडलं की कुकरची वाफ सोडल्यासारखा आवाज. अजगराच्या अंगावर ठिपके नसतात, नकाशासारखे वेडेवाकडे मोठे पट्टे असतात. आणि तो एवढा आवाज करत नाही.

याच्यात तिसरा गडी घुसतो, त्याचं नाव डुरक्या घोणस. नावात घोणस, पण बिनविषारी. मांडुळाचा भाऊबंद. शेपटी आखूड, बोथट, अंगावर वेडेवाकडे डाग. पश्चिम महाराष्ट्रातून आलेला माणूस 'घोणस' ऐकला की घाबरतो, आणि डुरक्या घोणस मारतो. इथला माणूस परडीला घाबरतो, पण तीच परड त्याला 'अजगराचं पिल्लू' दिसते, म्हणून तिला हात लावतो. दोन्हीकडून नुकसान.

एकदा एका गावातून दवाखान्यात नेलेल्या माणसाचे नातेवाईक डॉक्टरांना सांगत होते, "परड चावली." डॉक्टर दुसऱ्या भागातले, त्यांनी हा शब्द ऐकला नव्हता. त्यांना वाटलं पाल-सरड्यासारखं काही असेल. त्या डॉक्टरांनी जखम आणि सूज पाहिली आणि योग्य तेच केलं, म्हणून ठीक झालं. पण नातेवाईक तासभर आपसात भांडत होते की डॉक्टरला काही समजत नाही.

म्हणून हे लक्षात ठेवा. भारतात मिळणारं सर्पविषावरचं इंजेक्शन चार सापांच्या विषावर एकत्र चालतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. त्यामुळे सापाचं नाव सांगता आलं नाही म्हणून उपचार अडत नाही. डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. घोणस चावली तर रक्त गोठण्यात गडबड होते, म्हणून थोडं रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवून पाहतात, गोठलं की नाही. मण्यार चावली तर दुखत नाही, रात्री झोपेत चावते, आणि सकाळी पोटात दुखतं, पापण्या खाली येतात. अशा वेळी "साप दिसलाच नाही" म्हणून घरी थांबू नका. साप मारून पिशवीत घालून दवाखान्यात आणू नका, त्यात दुसरा माणूस चावून घेतो. दुरून फोटो मिळाला तर ठीक. नाही मिळाला तरी चालतं.

कोथरूडचा काका

दंडवत. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवा.

मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत फरक कसा करायचा? आमच्या नातेवाइकांकडे कवड्या मारून "मण्यार मारली" म्हणून पेढे वाटले होते.

सर्पमित्र हिंगणा रोड

मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बऱ्याचदा जोडीजोडीनं, आणि डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात. शेपटीकडे जास्त ठळक. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे फिके होत जातात. पण हे वाचून उद्या कोणी रात्री टॉर्च घेऊन पट्टे मोजायला बसू नये.

रविनगर_रीडर

मला हे सगळं वाचून एकच वाटतं. शासनानं एकदा बसून प्रत्येक प्राण्याचं एकच प्रमाण मराठी नाव ठरवावं आणि बाकीची बंद करावीत. पाट्यांवर, पुस्तकांत, पेपरात तेच. गोरेवाड्यापासून महाराजबागेपर्यंत.

झाडीपट्टी

पाटीवर एक नाव असू दे, हरकत नाही. पण 'बंद करावीत' म्हणजे काय? परड बंद करणार? मोहफुलवाल्या बाईच्या तोंडातून काढून घेणार?

मारुती चितमपल्लींनी वनखात्यात नोकरी करताना नेमकं उलटं केलं. पारधी, गोंड, माडिया, कोळी, ज्याच्याकडे जे नाव होतं ते लिहून घेतलं आणि कोश केले. ती नावं तशी जमली नसती तर त्यातली कितीतरी म्हाताऱ्या माणसांबरोबर गेली असती. हे काम त्यांनी विदर्भाच्या जंगलात आणि नागपुरात राहून केलं, याचा नागपूरकरांना जरा जास्तच अभिमान असतो. असू दे. रास्त आहे.

रविनगर_रीडर

मी लोकांच्या तोंडातून काढा म्हटलेलं नाही. पेपरात तरी एक ठेवा म्हटलं. 'माकडांचा धुमाकूळ' असा मथळा आणि खाली फोटो काळ्या तोंडाच्या वानराचा. लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं ते वानर. एवढंही पाळत नाहीत. तसंच रानगवा आणि रानम्हैस. पायात पांढरे मोजे घातल्यासारखा दिसतो तो गवा. रानम्हैस वेगळी, ती महाराष्ट्रात गडचिरोलीतल्या कोलामार्का भागात आहे. गव्याला 'बायसन' म्हणायची सवय इंग्रजांची. तो बायसनही नाही.

झाडीपट्टी

पेपरबद्दल पूर्ण सहमत. +१.

मावशीबाई

पक्ष्यांवर कोणी आलंच नाही. हुदहुदाला सगळे सुतारपक्षी म्हणतात, कारण लांब चोच आणि डोक्यावर तुरा. सुतार झाडाच्या खोडावर चोच मारतो, हुदहुद जमिनीवर चालत किडे टिपतो. आमच्या अंगणात रोज येतो आणि शेजारीण रोज सांगते, "तुमचा सुतार आला." मी रोज दुरुस्त करत होते, आता सोडून दिलं. 'वेडा राघू'सुद्धा पोपट नाही. आणि भारद्वाजाला आमच्या सासरी कुंभारकावळा म्हणतात, तो कावळाही नाही. हरणटोळ साप तर हरीणही नाही, टोळही नाही.

मुंबईची पोर

आणि बॉम्बे डक हे बदक नाही. बोंबील आहे. आमच्याकडूनही एक घ्या.

बर्डीवाला

ते नागपुरात सुकं येते. त्याच्या वासावरून सोसायटीत जी भांडणं होतात, त्याच्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

गुरंढोरं (काटोल)

एक विचारतो. पुण्याचे लोक हेल्याले काय म्हणतेत?

कोथरूडचा काका

हेला म्हणजे?

गुरंढोरं (काटोल)

म्हशीचा नवरा.

कोथरूडचा काका

रेडा! आणि आमच्याकडे त्याचं पिल्लू रेडकू.

शब्दकीडा

मराठवाड्यात हाल्या. आणि वयात येणारी मादी ती वगार, ही विदर्भात आणि मराठवाड्यात दोन्हीकडे चालते. जंगली जनावरांची नावं भांडून भांडून सरकारी होतात, पण गोठ्यातली अजून दर शंभर मैलांवर बदलतात, कारण तिथं कोणी पाटी लावायला येत नाही.

गुरंढोरं (काटोल)

काका, बाजारात आले अन् 'रेडा पाहिजे' म्हटलं तर समजतील लोक. पण भाव पुण्याचा लावतील. 'हेला' म्हणा.